सूर्यापासून माणूस किती लांब हवा?

2 सप्टेंबर 2023 रोजी श्रीहरिकोट्याहून आदित्य-एल1 निघालं, तेव्हा भारत सूर्याच्या भेटीला निघाल्याच्या बातम्या सगळीकडे झळकल्या. अभिमान रास्तच होता. पण त्या यानाला जायचं होतं पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर, आणि सूर्य आहे 14 कोटी 96 लाख किलोमीटरवर. म्हणजे वाटेचा जेमतेम शंभरावा भाग. इतक्या अलीकडे थांबूनच त्याचं काम होतं, ही त्या मोहिमेतली सगळ्यात समजून घेण्यासारखी गोष्ट. नेमकी तीच मागे पडली.

'सूर्यावर माणूस का जगू शकत नाही?' या प्रश्नाचंही असंच होतं. 'भाजून निघेल' एवढं सांगून आपण मोकळे होतो. उत्तर चूक नाही, अपुरं आहे. जिथे सूर्याच्या उष्णतेने माणसाच्या केसालाही धक्का लागत नाही, तिथेही सूर्य माणसाचा जीव घेऊ शकतो. 2035पर्यंत स्वतःचं अंतराळ स्थानक आणि 2040पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस, अशी उद्दिष्टं जाहीर केलेल्या देशाला हे अपुरं उत्तर परवडणारं नाही. माणूस पाठवण्याची तयारी रॉकेटपासून सुरू होते तशीच ती सूर्यावर चोवीस तास, वर्षानुवर्षं, खंड न पडता नजर ठेवण्यापासूनही सुरू व्हायला हवी, आणि त्यासाठी आदित्यची जागा घेणारं पुढचं यान आत्ताच हाती घ्यायला हवं.

आधी उष्णतेचा हिशेब नीट मांडू.

सूर्याला 'जमीन' नाही. ज्याला आपण पृष्ठभाग म्हणतो तो वायूचा थर आहे आणि तिथला वायू आपल्या समुद्रसपाटीच्या हवेपेक्षा हजारो पट विरळ आहे. उभं राहायला काही नाहीच. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या 28 पट, त्यामुळे 60 किलोच्या माणसाचं वजन तिथे 1,680 किलो भरेल असं गणित मांडतात. ते बरोबर आहे, पण पायाखाली टेकायला काही असेल तरच वजन जाणवतं. इथे माणूस फक्त आत पडत राहील. तापमान सुमारे 5,500 अंश सेल्सिअस. टंगस्टन 3,422 अंशांना वितळतं. त्या तापमानात घनरूपात टिकेल असा एकही पदार्थ आपल्याकडे नाही.

पण तापमानापेक्षा उपयोगी आकडा वेगळा आहे: दर चौरस मीटरला किती शक्ती येते. सूर्याच्या पृष्ठभागावर ती सुमारे 63,000 किलोवॉट आहे. घरातल्या गॅसच्या मोठ्या बर्नरची शक्ती साधारण अडीच किलोवॉट धरली, तर तळहाताएवढ्या, दहा सेंटीमीटर बाय दहा सेंटीमीटर जागेवर तिथे अडीचशे बर्नर एकाच वेळी चालू आहेत. अख्ख्या शरीरातल्या पाण्याची वाफ व्हायला काही सेकंद पुरतात.

हीच शक्ती अंतराच्या वर्गाने कमी होत जाते. अंतर दुप्पट झालं की मारा चौथा हिस्सा. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर ती 1.36 किलोवॉट उरते, आणि मे महिन्यात भर दुपारी नागपूरच्या गच्चीवर साधारण एक किलोवॉट. आता उलट दिशेने चालत जाऊ. आगीच्या सुरक्षेचं काम करणारे अभियंते वापरतात ते ठोकताळे इथे उपयोगी पडतात. चार किलोवॉटला उघड्या त्वचेला वीसेक सेकंदांत असह्य वेदना होते. साडेबारा किलोवॉटला, जवळ ठिणगी असेल तर, लाकूड पेट घेतं. सूर्यप्रकाश चार किलोवॉटवर पोचतो तो सूर्यापासून सुमारे पावणेनऊ कोटी किलोमीटरवर, म्हणजे शुक्र आणि बुध यांच्या कक्षांच्या मधोमध. साडेबारा किलोवॉट भरतो पाच कोटी किलोमीटरच्या थोडं आत, बुधाच्या सरासरी अंतराच्याही अलीकडे. म्हणजे उघड्या कातडीला सूर्य भाजायला लागतो तो अर्ध्या वाटेच्याही आधी.

शरीराची बाजूही बघायला हवी. स्वस्थ बसलेला माणूस सतत शंभरेक वॉट उष्णता तयार करत असतो आणि ती बाहेर टाकली नाही तर तो स्वतःच्याच उष्णतेने मरतो. पृथ्वीवर हे काम हवा आणि घाम करतात. एक लिटर घाम तासाभरात पूर्ण वाळला, तर सुमारे 670 वॉट निघून जातात. अंतराळात हवा नाही, त्यामुळे वारा लागून थंड होणं नाही. आपोआप होणारा एकच मार्ग उरतो, उष्णता प्रकाशरूपाने बाहेर फेकणं, आणि तो पुरत नाही. म्हणूनच अंतराळवीराच्या अंगालगतच्या कपड्यात पाण्याच्या बारीक नळ्या फिरवलेल्या असतात आणि पाठीवरच्या यंत्रात पाण्याचा बर्फ करून त्याची थेट वाफ निर्वातात सोडली जाते. ही व्यवस्था पृथ्वीजवळच्या उन्हाच्या हिशेबाने केलेली आहे. आणखी आत नेली की पाणी आधी संपतं आणि मग माणूस.

इथे एक आक्षेप येतो आणि तो विचार करण्याजोगा आहे. नासाचं पार्कर यान 24 डिसेंबर 2024 रोजी सूर्याच्या पृष्ठभागापासून 61 लाख किलोमीटरवरून गेलं. तिथे ऊन पृथ्वीच्या पावणेपाचशे पट आहे. तरी ढालीमागची उपकरणं तीसेक अंशांवर, पुण्यातल्या एखाद्या साध्या दुपारइतकी, सुखरूप राहतात. मग त्याच सावलीत माणूस का बसू नये?

ती ढाल जवळून बघण्यासारखी आहे. व्यास सुमारे 2.4 मीटर, जाडी साडेअकरा सेंटीमीटर, वजन फक्त 73 किलो. बाहेरून दोन्ही बाजूंना कार्बन तंतूंचे कडक पत्रे आणि मध्ये कार्बनचा फेस. या फेसात 97 टक्के जागा रिकामीच आहे, आणि तो रिकामेपणाच उष्णता अडवतो. सूर्याकडच्या तोंडावर पांढरा सिरॅमिक रंग, कारण काळा कार्बन तसाच ठेवला तर तो ऊन पिऊन घेईल. सौर पट्ट्या ढालीच्या कडेबाहेर थोड्याशा डोकावतात. त्यांच्यामागून चार-पाच लिटर शुद्ध पाणी दाबाखाली फिरत असतं. साधं पाणी, कारण या तापमानाच्या पट्ट्यात त्याच्याइतकं चांगलं काम करणारं दुसरं सापडलं नाही. दोन उपकरणांचे भाग ढालीबाहेर उघड्यावर आहेत. त्यांतला, सूर्याकडून येणारे कण मोजणारा कप टायटॅनियम, झिर्कोनियम आणि मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूचा आहे आणि त्याच्या नायोबियमच्या तारा नीलमणी स्फटिकाच्या नळ्यांतून ओवलेल्या आहेत. नेहमीची वायर तिथे टिकलीच नसती.

त्या भागातल्या सौर प्रभामंडळाचं, म्हणजे सूर्याभोवतीच्या वायूच्या बाहेरच्या आवरणाचं, तापमान दहा लाख अंशांच्या पुढे असतं, तरी यान वितळत नाही, हे ऐकून पुष्कळांचा गोंधळ होतो. दिवाळीतल्या फुलबाजीची ठिणगी भयंकर तापलेली असते, पण एखादी हातावर पडली तर जेमतेम चुणूक जाणवते. तापमान जास्त, पण ते वाहून आणणारं द्रव्य नगण्य. प्रभामंडळाचा वायू तसाच अतिविरळ आहे. ढालीला तापवतो तो सूर्याचा प्रकाश.

आता तिथे माणूस बसवून बघू. त्या अंतरावरून सूर्य आपल्याला दिसतो त्याच्या 22 पट रुंद दिसतो, आकाशात साडेअकरा अंश व्यापून. त्यामुळे ढालीची सावली नळकांड्यासारखी सरळ जात नाही, शंकूसारखी निमुळती होत जाते. 2.4 मीटरच्या ढालीमागे पूर्ण सावली बारा मीटरच्या आत टोकाला येऊन संपते. पाच मीटर रुंद आणि सात-आठ मीटर लांब असं माणसांचं यान झाकायचं, तर ढाल सात मीटरच्या आसपास हवी आणि तिचं वजन आठ-नऊ पट होईल. हे कठीण आहे, पण अशक्य म्हणता येणार नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर उष्णता हा या कोड्याचा सोडवता येण्याजोगा भाग आहे.

खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला जवळजवळ तीस किलोमीटर वेगाने धावते आणि तिच्यावरून निघालेलं प्रत्येक यान तो वेग घेऊनच निघतं. सूर्याकडे पडायचं तर तो वेग मारावा लागतो. पृथ्वीच्या कक्षेतून सूर्यमाला कायमची सोडून जायला सेकंदाला सव्वाबारा किलोमीटरची भर पुरते. सूर्यात पडायला तीस किलोमीटरची वजाबाकी लागते. बाहेर जाणं सोपं, आत जाणं अवघड. पार्करचं निघतानाचं वजन 685 किलो होतं, तरी त्याला त्या काळातल्या सर्वांत ताकदवान रॉकेटांपैकी एक लागलं, आणि शुक्राजवळून सात वेळा जाऊन वेग कमी करत तिथे पोचायला सहा वर्षं गेली. माणसांना चंद्रापर्यंत नेणारं ओरायन यान सुमारे 26 टनांचं, म्हणजे पार्करच्या अडतीस पट आहे. इंधनाचा हा हिशेब कुठल्याच आजच्या रॉकेटवर बसत नाही.

शिवाय चुकीला जागा नाही. पार्करच्या ढालीच्या सावलीच्या कडेवर सात संवेदक बसवलेले आहेत. एकावर जरी ऊन पडलं, तर यान कललं असं समजून संगणक स्वतःहून ते सरळ करतो. पृथ्वीवर कळवून आज्ञा मागवायला सवड नसते. प्रकाशाला इथवर यायलाच आठ मिनिटं लागतात आणि सर्वांत जवळच्या टप्प्यात तर संपर्कच नसतो. सगळा खेळ सेकंदांचा. आत माणूस असता तरी त्याने करण्यासारखं काही उरत नाही. तो फक्त जपण्याचं ओझं असतो.

आणि मग किरणोत्सर्ग, ज्याच्यापुढे ती ढाल जवळजवळ निरुपयोगी आहे. ती बनवली आहे प्रकाश अडवायला. सौर उद्रेकातून सुटलेले प्रोटॉन तिला फारसे जुमानत नाहीत. तीस मेगा इलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे कणाच्या ऊर्जेचं एकक) प्रोटॉन पाण्यात एक सेंटीमीटरच्या आत थांबतो, शंभरचा पावणेआठ सेंटीमीटर जातो, दोनशेचा सव्वीस सेंटीमीटर. माणसाचं धड तेवढंच जाड असतं. वाटेत हे कण पेशींमधले रेणू मोडत जातात. अस्थिमज्जा, आतड्याचं अस्तर, जिथे पेशी सतत नव्याने तयार होतात तिथे मार सर्वांत जास्त बसतो. काही तासांत उलट्या, काही आठवड्यांत पांढऱ्या पेशी संपणं, मग संसर्ग. उपचार मिळाले नाहीत तर सुमारे चार ग्रे (शरीराने शोषलेल्या किरणोत्सर्गाचं एकक) मात्रा निम्म्या माणसांना मारते.

इथेच 'सूर्याजवळ' या शब्दाचा अर्थ बदलतो. कारण हे प्रोटॉन पृथ्वीपर्यंत सहज येतात. आपण वाचतो ते वातावरणामुळे आणि पृथ्वीच्या चुंबकीय कवचामुळे. हे कवच सूर्याच्या बाजूला साधारण 64,000 किलोमीटरपर्यंत असतं. गगनयान जाणार आहे चारशे किलोमीटरवर, या कवचाच्या आत. चंद्र आहे 3 लाख 84 हजार किलोमीटरवर, आणि महिन्यातले मोजके दिवस सोडले तर कवचाच्या बाहेर. उन्हाच्या दृष्टीने चंद्र आणि पृथ्वी एकाच अंतरावर आहेत. प्रोटॉनांच्या दृष्टीने मात्र चंद्रावरचा माणूस उघड्या माळावर उभा आहे.

ऑगस्ट 1972मध्ये याचा धडा मिळाला होता. अपोलो-16 एप्रिलमध्ये परतलं होतं, अपोलो-17 डिसेंबरमध्ये निघायचं होतं. मधल्या ऑगस्टमध्ये सूर्यावर एकामागून एक प्रचंड उद्रेक झाले. त्यातला एक झोत पंधरा तासांच्या आत पृथ्वीवर आदळला. व्हिएतनाममधल्या होन लाच्या किनाऱ्याबाहेर अमेरिकी नौदलाने पेरलेले चुंबकीय सुरुंग आपोआप फुटले. त्या दिवशी कोणी नुसत्या स्पेससूटमध्ये चंद्रावर चालत असतं, तर किरणोत्सर्गाच्या गंभीर आजाराने पडलं असतं, असं नंतरची गणितं सांगतात. कोणीही सापडलं नाही ते तारखांच्या नशिबाने.

नशिबावर विसंबायचं नसेल तर दोन गोष्टी लागतात: आसरा आणि इशारा. आसऱ्याची युक्ती साधी आहे. शिशासारखा जड धातू इथे कामाचा नाही, कारण वेगवान कण त्यातल्या अणुकेंद्रांवर आपटून न्यूट्रॉनसारखे दुय्यम कण उडवतात. हायड्रोजन भरपूर असलेले पदार्थ हवेत: पाणी, पॉलिथिन, अन्न. ओरायनमध्ये म्हणूनच अंतराळवीरांनी यानाच्या फरशीखालच्या सामानाच्या कप्प्यांत शिरून, वरून भरलेल्या पिशव्या रचून बसायचं असं ठरवलेलं आहे. पण बाहेर काम करणाऱ्याला तिथवर परतायला वेळ मिळायला हवा. उद्रेकाचा प्रकाश आणि क्ष-किरण आठ मिनिटं वीस सेकंदांत येतात. सर्वांत वेगवान प्रोटॉन त्यानंतर काही मिनिटांतच, आणि मुख्य लोंढा तासाभरात किंवा काही तासांत. उद्रेकातून सुटलेल्या चुंबकीय वायूच्या ढगाचा झोत पंधरा तास ते तीन दिवसांत. म्हणजे माणूस वाचतो तो प्रकाश दिसल्यापासून लोंढा येईपर्यंतच्या त्या थोड्या वेळात. त्यासाठी कोणीतरी, कुठेतरी, त्या क्षणी सूर्याकडे बघत असायला हवं.

आदित्यचं मोल इथे आहे. 6 जानेवारी 2024 रोजी ते एल1 बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावलं. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या या जागी दोघांच्या ओढीमुळे यान पृथ्वीच्या बरोबरीने सूर्याभोवती फिरत राहतं. तिथून सूर्य पृथ्वीआड कधीच जात नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडलेली सूट ही दुर्बीण अतिनील प्रकाशात अकरा गाळण्यांतून सूर्याची चित्रं घेते. बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचं व्हेल्क हे उपकरण प्रभामंडळ न्याहाळतं, दोन उपकरणं क्ष-किरण टिपतात. उरलेली तीन कण आणि चुंबकीय क्षेत्र जागेवरच मोजतात, आणि हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. येणाऱ्या ढगाचं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल तरच ते पृथ्वीच्या क्षेत्राला फोडून आत ऊर्जा ओततं. उत्तरेकडे असेल तर तोच ढग बराचसा बाजूने निघून जातो. दुर्बिणीतून ही दिशा खात्रीने कळत नाही. ती कळते ढग एल1वरून जाताना, म्हणजे पृथ्वीवर आदळण्याच्या पंधरा मिनिटं ते तासभर आधी.

हा तासभर फक्त अंतराळवीरांच्या कामाचा नाही. 13 मार्च 1989ला कॅनडातल्या क्वेबेकमध्ये साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. फेब्रुवारी 2022मध्ये एका मध्यम वादळाने वरचं वातावरण फुगलं आणि नुकत्याच सोडलेल्या 49 स्टारलिंक उपग्रहांपैकी अडतीस गमावले गेले. मे 2024च्या वादळात लडाखमधल्या हानलेचं आकाश लाल झालं होतं. वीजजाळं, उपग्रह, विमानांचा रेडिओ, सगळ्यांचा यात जीव आहे.

आणि आदित्यचं ठरलेलं आयुष्य पाच वर्षांचं आहे. ते जास्त टिकेल, टिकावं. 1995मध्ये दोन वर्षांसाठी पाठवलेल्या सोहो या यानाने तीन दशकांचा टप्पा गाठला. पण तसं होईल असं धरून चालणं म्हणजे तारखांच्या नशिबावरच राहणं झालं. 'नासाची यानं आहेतच की तिथे' असंही म्हटलं जातं. आहेत, आणि त्यांची माहिती उदारपणे मिळते हे मान्य करायलाच हवं. तरी आपला माणूस चंद्रावर चालत असताना त्याला आत बोलावायचा निर्णय दुसऱ्याच्या वेळापत्रकावर टांगलेला असू नये.

मागणी नेमकी आहे. आदित्यचा वारस 2028च्या आत एल1वर पोचावा, आणि निदान दोन वर्षं दोन्ही यानांनी शेजारी शेजारी मोजमाप करावं, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांची सांगड बसेल. पुढचं यान निव्वळ संशोधनासाठी न बनवता इशाऱ्यासाठी बनवावं: मोजकी, दणकट उपकरणं आणि खंड न पडता माहिती उतरवणारे अँटेना. हवामान खात्यासारखा चोवीस तास पाळीवर चालणारा कक्ष हवा, ज्याच्या इशाऱ्यावर मोहीम थांबवण्याचा अधिकार आधीच लिहून ठेवलेला असेल. याला पैसा लागेल, आणि मानवी मोहिमेच्या खर्चातच तो धरला पाहिजे. पॅराशूटचा खर्च आपण वेगळा मागत नाही.

हे काम आपल्याला नवं नाही. 1859च्या सप्टेंबरात नोंद झालेलं सर्वांत प्रचंड सौर वादळ आलं, तेव्हा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकमापकाची नोंद सुमारे 1,600 नॅनोटेस्लांनी कोसळली. ऐन वादळात माणसं नेहमीपेक्षा जास्त वेळा वाचन घेत बसली होती. त्या वादळाची ताकद आज जगभरात ज्या नोंदीवरून मोजतात, त्यांतली ही एक मोलाची नोंद आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडणार हे दिसल्यावर 1904मध्ये वेधशाळा अलिबागला हलवली. पण कुलाब्याचं काम लगेच बंद केलं नाही. 1906पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी वाचन घेतलं, दोन्ही आकडे ताडून पाहिले, आणि मगच कुलाब्याच्या उपकरणाला विश्रांती दिली.